चार म्हटलं की चाकू खाली

भोकरदनमध्ये सत्यशीलाबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडला, तर समजावं की तो कालच्या एसटीने उतरलाय. मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं त्या खेळाच्या शिक्षिका. वय एकावन्न, उंची बेताची, चाल फौजदाराची, आणि साडी कुठलीही असो, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नकार्याला जाताना गळ्यातली शिट्टी त्या पर्समध्ये टाकतात, घरी ठेवत नाहीत. हे त्यांचा नवरा राजानंद सांगतो, आणि राजानंद तहसील कचेरीत कामाला असल्यामुळे त्याने सांगितलेलं तालुकाभर पोचतं.

अशा या बाईंना गेल्या उन्हाळ्यात काही वाटेनासं झालं. दुःख नाही, राग नाही, चीड नाही. भूक लागली की जेवायच्या, नाही लागली तरी जेवायच्या. कुणी बोललं की ऐकायच्या आणि मग "बरं" म्हणायच्या. आयुष्यभर ज्या बाईने मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मुलीला दम भरला, तिच्या तोंडी दोनच शब्द उरले होते, "बरं" आणि "बघू". हे कसं झालं ते सांगायचं तर आधी त्यांच्या डाव्या हाताबद्दल सांगावं लागेल.

डाव्या हाताला कोपराखाली सात टाक्यांची खूण आहे. एकवीस वर्षांच्या असताना त्या कराटे शिकायला आठवड्यातून दोनदा जालन्याला जायच्या. एका संध्याकाळी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एकाने त्यांची पिशवी ओढली. बाईंनी ती सोडली नाही. त्याने हातावर बुक्की मारली, असं बाईंना वाटलं. त्या पळाल्या आणि समोरच्या उसाच्या रसवंतीत शिरल्या, तेव्हा रसवाला ओरडला, "ताई, रक्त!" तोवर चाकू होता हेच त्यांना माहीत नव्हतं. कराटेचा तपकिरी पट्टा मिळवलेली पोरगी, तिला ना चाकू दिसला, ना कळला.

पुढची कैक वर्षं बाई हा किस्सा "झटापट झाली" असा सांगत. पळाले म्हणायची लाज वाटायची. चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या दिवशी त्यांनी जे केलं त्यातलं एवढंच एक बरोबर होतं. पिशवी धरून ठेवली हा मूर्खपणा, पळाल्या हे शहाणपण. तेव्हापासून त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींसाठी वर्ग सुरू केला. फी नाही, गणवेश नाही. शाळा सोडून गेलेल्या मुलीही येऊ शकत.

वर्गाचा पहिला दिवस ठरलेला असे. सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे वीतभर चाकू करून घेतले होते. बाई त्यातल्या एकाच्या धारेला लाल खडू घासायच्या, तो चाकू एका मुलीच्या हातात द्यायच्या आणि दुसरीला म्हणायच्या, "घे काढून." पाच मिनिटांची झोंबाझोंबी, हसणं, किंचाळणं. मग शिट्टी. मग बाई त्या दुसरीचे हात सगळ्यांना दाखवायच्या. मनगटावर, पंज्यावर, दंडावर, पोटावर लाल रेघा. "ही रेघ म्हणजे टाके. ही रेघ म्हणजे शीर. ही पोटावरची, ही म्हणजे जालन्याला पोचेपर्यंत संपलं." मुली गप्प व्हायच्या. "चाकूवाल्यापुढं कोणी जिंकत नाही. पिशवी मागितली, देऊन टाका. मोबाइल मागितला, देऊन टाका. वाट मोकळी दिसली की पळा. पळताच येत नसेल, तर आणि तरच, पुढचं."

इथपर्यंत सगळं छान होतं. पण पळण्याला टाळ्या पडत नाहीत. सव्वीस जानेवारीला प्रात्यक्षिक ठेवलं आणि बावीस मुली पाहुण्यांसमोर भराभरा पळून गेल्या, तर पाहुणे म्हणणार काय? तेव्हा प्रात्यक्षिकात "पुढचं", म्हणजे चाकू काढून घेणं, आलं, आणि प्रात्यक्षिकात आलं म्हणून सरावात आलं, आणि सरावात आलं म्हणून पळणं हळूहळू पहिल्या शनिवारपुरतं उरलं. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि टाळ्याही आवडत होत्या. माणूस आहे शेवटी.

आता शीतल. बाजारपेठेतल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात ती कामाला होती. वीस वर्षांची, काटक, बोलायला कमी. बाप रखमाजी आणि आई साळूबाई, दोघं गावाबाहेर आपल्या तीन एकरांत मका आणि मिरची करतात. शीतलला पोलीस व्हायचं होतं. पहाटे ती रस्त्याने धावायची, ओसरीपुढे चार किलोचा गोळा फेकायची आणि शाळा सोडून तीन वर्षं झाली तरी शनिवारचा वर्ग चुकवत नव्हती. बाई तिला सगळ्यांपुढे उभी करून दाखवत, "असं. हिच्यासारखं."

हीच शीतल आठवीत असताना वर्गात एक गोष्ट झाली. ती आणि तिची मैत्रीण भावना जोडीने सराव करायच्या. एकीने चाकू काढून घ्यायचा, पुन्हा दुसरीला द्यायचा, की पुन्हा सुरू. एका आठवड्यात दोघींचं काहीतरी बिनसलं आणि चार दिवस अबोला. सोमवारी साळूबाई मिरचीची पाटी बाजारात टाकून थेट शाळेत आल्या.

"मॅडम, राग येऊ देऊ नका. पर तुमी पोरींला सुरी हातात द्यायला लावून राह्यले. मिरची, मीठ, सुरी हातात देत न्हाई कोणी. भांडण व्हतं. खाली ठिवायची, दुसरीनं उचलायची. म्या शीतलला घरी बी तसंच शिकवलंय."

बाईंना हसू आलं. त्यांच्या घरात असलं काही पाळत नव्हते. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर असले सगळे समज गुंडाळून बाहेर काढले होते, आणि बाईंच्या आईने आयुष्यभर मिरची हातातच दिली, भांडण मात्र एकदाही केलं नाही. पण साळूबाई पाटी टाकून आलेल्या. बाकीच्या मुलींच्या आयांचंही तेच म्हणणं निघालं. बाईंनी मनाशी म्हटलं, माझं काय जातंय? लाकडाचा तर चाकू.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या शिस्तीला शोभणारं होतं. त्यांनी ते मोजणीत घातलं. आधी तीनच आकडे होते. एक म्हणजे अंग बाजूला, दोन म्हणजे मनगट धरायचं, तीन म्हणजे मुठीतून चाकू काढायचा. आता चौथा आला. चार म्हटलं की चाकू खाली, जोडीदारणीच्या पायापाशी. मग ताठ उभं राहायचं. जोडीदारीण उचलणार, की पुन्हा एक. प्रत्येक नव्या मुलीला बाई हे स्वतः करून दाखवायच्या. मुली मोठ्याने मोजायच्या, बावीस गळे एका तालात, आणि मैदानाच्या भिंतीबाहेरचा भेळवालासुद्धा ठेका धरायचा. पुढे त्या मोठ्याने मोजायच्या थांबल्या, तरी ओठ हलायचे.

एका सव्वीस जानेवारीला आलेले पाहुणे भाषणात म्हणाले, "पाहा, समोरच्याचं हत्यार काढून घेतलं आणि तरी नम्रपणे त्याच्या पायाशी ठेवलं! हे आपले संस्कार!" टाळ्या पडल्या. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्याही हसल्या होत्या. हे हसणं पुढे त्यांना पुष्कळदा आठवलं, पण आठवून काही वाटलं मात्र नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी संध्याकाळी साडेसातला झेरॉक्सच्या दुकानापुढे बबलूचा वाढदिवस लागला. लागला म्हणायचं कारण, अशा वाढदिवसांना हल्ली जागा लागते ती रस्त्याचीच. बबलू चोवीस वर्षांचा. धंदा विचारला तर "समाजकार्य". चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता, त्यावर काळा चष्मा आणि खाली तीस-चाळीस शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. तीन मोटारसायकली आडव्या लावलेल्या, मधलीच्या सीटवर केक, आणि केक कापायला हातभर लांबीचा चाकू. घरातल्या सुरीने केक कापला तर वाढदिवस मानतच नाहीत, अशी टूम निघालीय. त्या चाकूचे फोटो निघतात, स्टेटसला जातात, चार दिवस मिरवतात.

गिऱ्हाइकाला दुकानात शिरता येईना, म्हणून शीतल बाहेर आली. "गाड्या जरा बाजूला घ्या."

"आधी केक खा ना," बबलू म्हणाला आणि क्रीम लागलेला तो चाकू त्याने तिच्या तोंडाशी नेला. पोरं हसली. ती मागे सरली तसा तो पुढे सरला. चाकू तिच्या हनुवटीखाली धरला आणि मागे वळून म्हणाला, "फोटो काढ रे." मस्करी होती, असं नंतर सगळे म्हणाले. असेलही. तिच्या गळ्यापाशी पातं होतं, एवढं तिला कळत होतं.

दुकानाच्या दारावर कॅमेरा होता. पुढचं सगळं त्यात आहे, फक्त आवाज नाही. शीतल बाजूला झाली. मनगट धरलं. चाकू तिच्या हातात आला. सगळं मिळून दीड-दोन सेकंद. बाईंनी अकरा वर्षांत इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक पाहिलं नव्हतं. मागची पोरं आता बबलूला हसायला लागली. आणि शीतल खाली वाकली, तिने चाकू बबलूच्या पायापाशी ठेवला, आणि ती ताठ उभी राहिली.

बबलूने तो उचलला.

तिने पातं उजव्या पंज्यात पकडलं म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पंजा, दंड, आणि एक घाव बरगडीवर. दुकानमालक अंगद आतून खुर्ची घेऊन धावला तेव्हा बबलू पळाला, दुसऱ्या दिवशी सापडला. शीतल संभाजीनगरला अठरा दिवस दवाखान्यात होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही वाकेनात, आणि त्यांत काही जाणवेना. गोळा त्या हाताने फेकायचा होता.

ती फीत तिसऱ्या दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर होती. बाईंना एकवीस जणांनी पाठवली. कुणी अर्धीच पाठवली, चाकू खाली ठेवण्यापर्यंतची, खाली हसणारे चेहरे लावून. "हातात आलेला चाकू परत देतंय का कोणी? येडी का खुळी?" दुसरे म्हणाले, "आधीपासून वळख असंल दोघांची." आणि बबलूच्या माणसांनी त्यातूनच वाट काढली. मस्करी चालली होती, आपसातली. नाहीतर पोरीने चाकू परत दिला असता का? तो चुकून लागला. पोलिसांनी शीतलला दवाखान्यात विचारलं, चाकू खाली का ठेवलास? ती म्हणाली, "म्हाईत न्हाई."

बाईंनी ती फीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या. दुसऱ्यांदा पाहिली. तिसऱ्यांदा मोबाइल डोळ्यांजवळ नेला. शीतलचे ओठ हलत होते. चार वेळा. जगात दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं, आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली. बाईंनी गॅस बंद केला, मोबाइल पालथा ठेवला आणि वरणाला फोडणी दिली.

त्या दिवसापासून हे असं झालं. राजानंदने दोन आठवडे वाट पाहिली, मग म्हणाला, "सत्या, तुला काय होऊन राह्यलंय?"

"काही नाही."

हे खोटं नव्हतं. खरोखरच काही होत नव्हतं. "रडली तरी चालंल," तो म्हणाला. बाईंना ते पटलं. त्या दुपारी दार लावून पलंगावर बसल्या, रडायची तयारी करून. दहा मिनिटं बसल्या. रडू आलं नाही, तेव्हा उठून भांडी घासली.

जूनमध्ये शाळा उघडली. शनिवारी मुली आल्या. बाईंनी लाकडी चाकू पोत्यात भरून खेळाच्या खोलीत कुलूपबंद केले आणि तासभर नुसता व्यायाम घेतला. सोमवारी संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. पंखा जोरात करायला सांगून ते म्हणाले, "मॅडम, त्या प्रकरणात तुम्ही काही बोलू नका. पोरगी शाळा सोडून तीन वर्षं झाली. तुमचा संबंध काय? आणि जिल्ह्याच्या क्रीडाशिक्षक पुरस्काराला तुमचं नाव आपण पाठवलंय. वर्गावर चर्चा झाली, तर तो वर्गच बंद करावा लागंल मला."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या आणि मैदानाला चक्कर मारली. सचिव म्हणत होते त्यात तसं वावगं काय होतं? शीतलने जे केलं ते का केलं, हे जगात फक्त बाईंना माहीत होतं. बोलल्या नाहीत, तर शीतल कायमची येडी ठरणार, नाहीतर बबलूच्या ओळखीची. बोलल्या, तर अकरा वर्षांचा वर्ग जाणार आणि सत्यशीलाबाईंनी पोरीला मारायला शिकवलं नाही, मरायला शिकवलं, असं भोकरदन म्हणणार. एवढा सरळ हिशोब. एरवी त्यांनी तो शिट्टी वाजवायला लागतो तेवढ्या वेळात केला असता. आता तो समोर पडून होता आणि बाई त्याच्याकडे बघत होत्या.

जुलैच्या पहिल्या रविवारी त्या शेवटी साळूबाईंकडे गेल्या. बोलायला म्हणून नाही, नुसतं बघायला, असं त्यांनी राजानंदला सांगितलं. साळूबाई ओसरीत तोडलेल्या मिरच्यांची निवडानिवड करत होत्या. शीतल भिंतीला टेकून बसली होती. कोपऱ्यात लोखंडी गोळा होता, त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत टाकला होता.

"बसा, मॅडम." साळूबाईंनी पटकन दोन काकड्या आणल्या, एक कापली, आणि चहाचं आधण उतू जायला लागलं म्हणून उठताना सुरी बाईंच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. "तेवढी दुसरी काप्ता का?" बाईंनी सुरी उचलली आणि काकडी कापली. त्या ठेवण्याकडे आणि उचलण्याकडे शीतल बघत होती.

चहा आला. शीतलने पेला उजव्या हातात घेतला, बोटं नीट बसेनात म्हणून डाव्यात घेतला. "गरम-थंड काईच कळत न्हाई या दोन बोटांला," ती म्हणाली. "परवा तव्याला लागली, तर वास आल्यावर कळलं."

"दुखतं का?"

"न्हाई. दुखत बी न्हाई."

बाईंनी मान हलवली. हे त्यांना समजत होतं. मग त्यांच्या तोंडून, घरून ठरवून आल्या नव्हत्या तरी, ते बाहेर पडलं. "शीतल, चार मी शिकवलं."

"म्हाईतंय मला," शीतल म्हणाली. "मोजत व्हते ना मी."

"मग पोलिसांना का सांगितलं नाहीस?"

शीतलने पेला खाली ठेवला. "काय सांगू? मॅडमनं शिकवलं म्हनून ठिवला? मंग तुमचा वर्ग बंद पडला अस्ता. त्या बाकीच्या पोरी कुठं जातेन?" आईकडे बघून ती म्हणाली, "अन् आईचं बी नाव आलं अस्तं."

साळूबाईंचे हात मिरच्यांवर थांबले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरीने चाकू का ठेवला, हे त्यांनी दीड महिना देवाला विचारलं होतं, पोरीला विचारलं नव्हतं. आता त्यांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा पोरीकडे, एकदा काकडीशेजारी पडलेल्या सुरीकडे. "म्या सांगितल्तं," त्या म्हणाल्या. "पाटी टाकून आल्ते मी शाळेत. म्या सांगितल्तं, खाली ठिवत जा."

साळूबाई पदर तोंडाशी धरून रडल्या आणि शीतल त्यांच्या पाठीवर डावा हात फिरवत राहिली. बाई बघत होत्या. आपण काहीतरी म्हणायला हवं, हे त्यांना कळत होतं. "तुम्ही घरातलं सांगितलं, साळूबाई," त्या शेवटी म्हणाल्या. "ते चाकूच्या वर्गात मी घातलं. मला कळायला पाहिजे होतं. उद्या मी ठाण्यात जाऊन लिहून देते."

"मंग तुमचा वर्ग?" शीतलने विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साळूबाई सोबत आल्या. नको म्हटलं तरी आल्या. ठाण्यात हवालदार तातेराव होते. वयस्क, जाडजूड, सरळ माणूस. त्यांची धाकटी मुलगी बाईंच्या हाताखाली कबड्डी खेळलेली, त्यामुळे त्यांनी खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. बाईंनी आकडे सांगितले, ओठ कुठे हलले ते फीत थांबवून दाखवलं. तातेरावांनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पर हे कोर्टात कोण मानंल? माणूस समोर उभा, डोळ्यात खून, अन् ही सवयीनं चाकू खाली ठिवती? एवढं कोणाला भान राहत न्हाई का? वकील हसंल आपल्याला."

"भान राहत नाही म्हणूनच सवय लावतात," बाई म्हणाल्या. "तेच तर शिकवतो आम्ही."

"आठवीच्या पोरीचं ठीक आहे हो. पर वीस वर्षांची, भरतीची तयारी करणारी?" तातेराव उठले. टेबलावरची लाकडी फूटपट्टी त्यांनी उचलली, टेबलाला वळसा घालून आले. "आता हे बघा, मी असा आलो..." आणि बोलता बोलता त्यांनी पट्टी बाईंच्या पोटाकडे नेली. मस्करीच होती.

बाई कधी उठल्या ते त्यांना कळलं नाही. अंग बाजूला झालं. तातेरावांचं जाड मनगट त्यांच्या मुठीत आलं. पट्टी हातात आली. आणि त्या वाकल्या, पट्टी तातेरावांच्या बुटांपाशी फरशीवर ठेवली, आणि ताठ उभ्या राहिल्या.

समोर काही ठेवलं की माणूस उचलतो. तातेरावांनी वाकून पट्टी उचलली.

मग ते तसेच थांबले. पट्टी त्यांच्या हातात होती आणि बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, हात बाजूला सोडून, वाट बघत. दाराशी बसलेल्या साळूबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

बाईंनी पट्टीकडे बघितलं. रात्रभर त्यांनी हाच आकडा मनात खोडला होता. त्या असलं काही मानत नव्हत्या, त्यांच्या आजोबांनी मानलं नव्हतं, त्यांच्या आईने मानलं नव्हतं, आणि तरी तो त्यांच्या कमरेत, गुडघ्यात, बोटांत जाऊन बसला होता. तीस वर्षांपूर्वी जालन्याच्या गल्लीत पळालेले पाय आता पळाले नव्हते. ते जुळवून उभे होते. आणि मग बाईंना भीती वाटली. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं. त्या संध्याकाळी शीतल कुठे उभी होती आणि तिला समोर काय दिसत होतं, ते त्यांना आता पुरतं दिसलं. त्या मागे सरल्या, बाकड्याला आपटल्या, आणि साळूबाईंनी त्यांना दंडाला धरून बसवलं. बाई रडत होत्या, मोठ्याने, लहान पोरीसारख्या, आणि बाजूच्या खोलीतले शिपाई दारात येऊन बघत होते.

तातेरावांनी त्यांना हाताने घालवलं. पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला. पाणी मागवलं. बाईंचं रडणं ओसरेपर्यंत ते कागदाकडे बघत बसले. मग पेनाचं टोपण काढून म्हणाले, "सांगा, मॅडम. लिहून घेतो. एकपासून सांगा."

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"चारपासून लिहा," त्या म्हणाल्या. "एक, दोन, तीन पोरीनं बरोबर केलं होतं."